पुढचा व्हिडिओ कोणी लावला?

"मामा, तिच्या हातात फोन कोणी दिला?" पायातली चप्पल काढायच्या आधीच मेधाने विचारलं.

"तिच्या हातात कुठं आहे? माझ्या हातात आहे. ती नुसती बघतीय," मामा म्हणाले.

आमची ओवी, वय साडेचार, मामाआजोबांच्या मांडीला टेकून बसली होती. मी टेबलापाशी मटार सोलत होतो आणि या प्रकरणाशी माझा काही संबंध नाही असा चेहरा करून होतो.

आमच्या घरातला हा वाद उलटा आहे, हे आधी सांगून टाकतो. सहसा आजोबा फोनला शिव्या घालतात आणि आईबाप सारवासारव करतात. आमच्याकडे मामा फोनच्या बाजूचे. कडेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून ३६ वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. मेधा पुण्यात एका ॲप कंपनीत आहे आणि ती कट्टर विरोधात. माणूस स्क्रीनवरून कुठे निसटतो ते शोधायचं आणि ते भोक बुजवायचं, अशी आपल्या नोकरीची व्याख्या तिने स्वतःच केलेली आहे. आचाऱ्याने स्वतःच्या हॉटेलात न जेवावं, तसं काहीसं.

"दीड-दोन मिनिटांचा आहे गं," मामा म्हणाले. "खेळणीवाल्या अरविंद गुप्तांचा. स्ट्रॉची बासरी."

"मिनिटं किती ते नका सांगू. पाच वर्षांची होईपर्यंत फोन नाही, असं आमचं ठरलंय."

'आमचं' म्हणजे तिचं. मी मान डोलावली होती, इतकंच. पण त्याला कारणही मीच होतो. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसचा एक फोन आला म्हणून मी ओवीला ससा-कासवाची गोष्ट लावून दिली आणि बाल्कनीत गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर एक दाढीवाला माणूस किंचाळत प्लास्टिकची अंडी फोडत होता आणि आतून निघणाऱ्या मोटारी मोजत होता. ओवीचे डोळे मिटत नव्हते. फोन काढून घेतल्यावर ती जी रडली, ते रडणं आमच्या ओळखीचं नव्हतं.

मेधाने तो किस्सा मामांना पुन्हा एकदा सांगितला. "तुम्ही लावलेला पहिला व्हिडिओ चांगलाच असतो, मामा. माझं भांडण सहाव्याशी आहे. पहिला तुम्ही लावता. सहावा कोण लावतं?"

"सहावा मी लावूच देत नाही."

"तुम्ही इथे असता तेव्हा."

मामांनी फोन उपडा ठेवला. त्यांना काही सांगायचं असलं की आधी घसा साफ करतात. वर्गातली सवय.

"मी नोकरीला लागलो त्याच सुमाराला पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. जानेवारी १९८४. पुढं काही वर्षांनी आमच्या शाळेला टीव्ही मिळाला. पेटीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडं. कार्यक्रमाच्या दिवशी पोरं सकाळपासून विचारायची, गुरुजी, लाइट आहे का? आणि लाइट असली तर त्या धूनवर सगळा वर्ग एका दमात गप्प. माझ्या पोरांनी समुद्र पहिल्यांदा त्या पेटीत बघितला, मेधा. मी फळ्यावर काय काढणार होतो समुद्र?"

"मी कुठे नाही म्हणते?"

"ऐक की. कार्यक्रम संपला की मी उठून टीव्ही बंद करायचो आणि मग खरा तास सुरू व्हायचा. एकजण विचारायचा, गुरुजी, लाट परत का जाते? तो प्रश्न पेटीतनं यायचा नाही, पेटी बंद झाल्यावर यायचा."

"आणि पुढचा कार्यक्रम?"

"पुढचा पुढच्या आठवड्यात."

"म्हणजे माझंच म्हणणं झालं की, मामा. तुमच्या पेटीला शेवट होता. आम्ही शेवट काढून टाकायचा पगार घेतो."

मामा गप्प बसले. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली, हे त्यांना अजून लागतं. पुण्यात सेनापती बापट रस्त्याने जाताना ते मान वळवून तिच्या जुन्या जागेकडे बघतात, हे मी पाहिलेलं आहे. एका राज्याने आपल्या भाषेत मुलांसाठी ३०-३५ वर्षं कार्यक्रम तयार केले आणि नेमका प्रत्येकाच्या खिशात पडदा आला तेव्हाच ते दुकान मिटलं. याच्यावर कुठे मोठी ओरड झाल्याचं मला आठवत नाही. मराठी मुलं पडद्यावर हिंदी का बोलायला लागली, असं विचारणाऱ्यांनी (मीही त्यातला) हे आधी आठवावं.

आकड्यांचा विषय निघणारच होता. तो मेधाने काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे, दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच: दोन वर्षांखाली काही नको, दोन ते पाच एक तासाच्या आत आणि तेही मोठं माणूस सोबत असताना, पाच ते दहा दोन तासांच्या आत. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो.

"म्हणजे मी बसतो यात," मामा खूश झाले. ओवी सहा महिन्यांची असल्यापासून ते तिला रोज व्हिडिओ कॉल करतात. "आणि पोरीचा तासभर हक्काचा आहे. तू तिचा तास खातीयस."

"मामा, ती कमाल मर्यादा आहे. रेशन नाही, महिन्याला उचललंच पाहिजे असं."

हे मला फार पटलं. ओळखीच्या कितीतरी घरांत तो एक तास औषधाच्या डोससारखा वेळेवर दिला जातो, संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात काय चाललंय हे कोणी बघत नाही, तास पाळला याचं समाधान असतं. मिनिटं मोजायला सोपी पडतात. व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना नऊ मिनिटं भन्नाट वेगाचं कार्टून दाखवलं, काहींना संथ, काहींना नुसते रंग दिले. लगेच नंतर लक्ष देण्याच्या, दम धरण्याच्या छोट्या चाचण्या घेतल्या. वेगवान कार्टून बघणारी मुलं मागे पडली. नऊच मिनिटं. मेधाने हा प्रयोग सांगितला आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की परीक्षा लगेच घेतली होती, दोन तासांनी किंवा दोन वर्षांनी काय होतं ते त्यातून कळत नाही.

"मग त्यात माझं काय चुकलं?" मामा म्हणाले. "गुप्तांच्या फिल्ममध्ये नुसते दोन हात दिसतात. कापायचं, दाबायचं, फुंकायचं. पोरगी बघतीय आणि विचारतीय, आजोबा, आपल्याकडं स्ट्रॉ आहे का?"

"दुसरा एक प्रयोग सांगते. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं. त्यांच्यासमोर चिनी बाई बसून चिनीतून बोलली, खेळली, पुस्तकं दाखवली. बारा वेळा. बाळांचे कान चिनी आवाजांना सरावले. तेच दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवलं, तेवढाच वेळ, तीच भाषा. काही नाही. शून्य."

"शाब्बास! मग माणूस शेजारी पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ झाला. मी शेजारीच बसलो होतो की."

मेधा हसली. पहिल्यांदाच. "तुम्ही होतात. तुम्ही परवा गावी जाणार. मग कोण बसणार?"

आमच्या घरातलं खरं दुखणं इथे आहे, आणि मला वाटतं बऱ्याच घरांतलं इथेच असावं. मुलांना व्हिडिओ दाखवण्याबद्दलचा प्रत्येक शहाणा सल्ला म्हणतो, शेजारी बसा. पण आपण व्हिडिओ लावतो तो शेजारी बसता येत नाही म्हणूनच. कुकर लावायचा असतो, मीटिंग असते, डोकं दुखत असतं, किंवा काही नाही, नुसतं दहा मिनिटं कोणी 'बाबा' म्हणू नये असं वाटत असतं. ज्याला बसायला वेळ आहे त्याला व्हिडिओची फारशी गरज नसते, आणि ज्याला गरज आहे त्याला बसायला वेळ नसतो. शेजारी बसायला मोकळं असलेलं माणूस कडेगावात असतं आणि मूल सातव्या मजल्यावर.

मी हे बोलून दाखवलं. दोघंही माझ्याकडे, आता हा का मध्ये, असं बघायला लागले.

"त्यावर उपाय आहे," मी म्हटलं. "मुलांचं वेगळं यूट्यूब आहे. त्यात आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं करता येतं, पुढचा आपोआप लागू नये असं करता येतं, वेळ लावून ठेवता येते."

"आणि ती सेटिंग मुलांनी बदलू नयेत म्हणून काय कुलूप आहे, ते सांग मामांना," मेधा म्हणाली.

मी सांगितलं. गुणाकार विचारतात. सात आठे किती, अशा धर्तीवर. उत्तर बरोबर आलं की आपण मोठे.

मामा इतके हसले की ओवीही काही न कळता हसायला लागली. "म्हणजे ज्याचे पाढे पाठ त्याला कुलूप उघडं! आम्ही ३६ वर्षं पोरांना किल्ल्याच वाटल्या की रं!"

(त्याऐवजी आपला स्वतःचा चार आकडी कोड घालता येतो. मामा थांबेपर्यंत मला ते सांगता आलं नाही.)

मेधाचा अशा सोयी देणाऱ्या कंपन्यांवर विश्वास नाही आणि तिची कारणं आहेत. लहान मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर मुलांच्या व्हिडिओंखालच्या टिप्पण्या आणि मुलांच्या आवडीनिवडी हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद झाल्या. "सुधारणा झाली, पण दंड झाल्यावर," ती म्हणाली. "आता निवडलेलेच व्हिडिओ दिसतील म्हणतोस, ते निवडायला कोणी बसलंय? तू?"

मी निवडले नव्हते. सोय आहे हे मला सहा महिन्यांपासून माहीत होतं.

मामांनी तेवढ्यात पेपर माझ्यासमोर सरकवला. कडेला पेन्सिलीने काट्या ओढलेल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, हजेरीच्या हिशेबासारख्या. "मोजा, जावईबापू."

सतरा होत्या.

"चहा झाल्यापासून तुम्ही फोन उचलून बघितला त्याच्या. वाजला होता दोनदा."

मग त्यांनी मोहित्यांच्या वडगावची गोष्ट सांगितली. ते त्यांच्याच तालुक्यातलं गाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा फोनवर गेली. फोन घरात आला तो शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातातून सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवलं: रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग काय बघायचं ते बघा. "पेपरवाल्यांनी लिहिलं, मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून. असेल. पण सातला मालिका लागतात, त्या पोरं बघतात का? पहिल्या दिवसांत घरोघरी जाऊन सांगायला लागलं ते मोठ्यांनाच. भोंगा तुमच्यासाठी आहे, जावईबापू. पोरगी काय, ती तुमच्याकडं बघून शिकतीय."

मेधाने माझ्याकडे बघितलं नाही. तिचा फोन तिच्या मांडीवर होता आणि तो तिने हळूच पर्समध्ये टाकला.

"भोंग्याला माझा पाठिंबा आहे, मामा," ती म्हणाली. "मग तुम्ही फोनच्या बाजूने का बोलताय?"

"फोनच्या बाजूनं नाही बोलत. पेटीतल्या समुद्राच्या बाजूनं बोलतोय. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं बघ. रणजितसिंह डिसले. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड. पोरगं कविता वाचतं, कोडवर फोन धरतं, त्या कवितेचाच व्हिडिओ लागतो. दुसरं काही नाही. २०२० ला जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला त्यांना, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. तिथं व्हिडिओ पुस्तकातनं निघतो आणि पुस्तकात परत येतो. तुझ्या ॲपवाल्यांना जमंल का असं?"

"जमेल. पण कोणी पगार देणार नाही."

हे तिने फार साधेपणाने सांगितलं. खोलीत जरा शांतता झाली.

ती ओवीनेच मोडली. "आजोबा, स्ट्रॉ!"

घरात कागदी स्ट्रॉ होत्या, प्लास्टिकच्या आता मिळत नाहीत. मामांनी एकीचं टोक चपटं केलं, दोन्ही कोपरे तिरके कापून बाणासारखं टोक केलं आणि ओठांत धरून फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं तर कागद भिजून मऊ पडला. तीन स्ट्रॉ गेल्या. ओवीची नजर मामांच्या फोनकडे वळायला लागली, आणि मेधा काही न बोलता 'बघा' असं बघत होती.

"प्लास्टिकचीच पाहिजे," मामा पुटपुटले. मग एकदम उठले. "जावईबापू, तुमच्या सोसायटीत पपई आहे का?"

मी नाही म्हणालो. तरी ते ओवीला घेऊन खाली गेले. अर्ध्या तासाने आले तेव्हा हातात पपईच्या पानांचे दोन लांब देठ होते. सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे झाड आहे. सात वर्षं राहतोय, मला माहीत नव्हतं. मामांनी चीक धुऊन-पुसून काढला, पोकळ देठाला टोकाशी चिरा पाडला आणि फुंकलं. म्हशीच्या रेडकासारखा आवाज आला. मग देठ थोडा कापला आणि फुंकलं, आवाज चढला. आणखी कापला, आणखी चढला. ओवी नाचायला लागली.

"लहान झाल्यावर ती बारीक का बोलते?" तिने विचारलं.

मामांनी मेधाकडे बघितलं. लाटेच्या प्रश्नाची आठवण करून द्यायची होती त्यांना.

"ही पिपाणी तुम्हाला लहानपणापासून येत होती ना?" मेधा म्हणाली. "आंब्याच्या कोयीची पुंगीही येत असेल. मग व्हिडिओ कशाला लागला?"

"मला आठवलीच नव्हती गं. ४०-५० वर्षांत केली नाही. तो व्हिडिओ बघितला म्हणून आठवली."

या उत्तरावर दोघांपैकी कोण जिंकलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं मत विचाराल तर पहिली बाजू मेधाची. पडद्यावर काय आहे याच्याआधी बघायचं ते हे, की तो संपतो का, आणि संपल्यावर पुढचं कोण ठरवतं. ते यंत्र ठरवत असेल तर आत कितीही संस्कारक्षम गोष्टी असोत, मूल त्याच्या ताब्यात द्यायचं नाही. पण कुलूप लावून मोकळं होण्यात तिची चूक होती, कारण त्या कुलपाआड समुद्रही जातो.

मामा गेल्यावर मी तीन संध्याकाळी बसून निवड केली. जे करायला हवं होतं ते इतकंच होतं. अरविंद गुप्तांच्या मराठी फिल्म्स, आयुकाच्या मुक्तांगणात वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करत बनवलेल्या, त्यांतल्या दहा. विजया मुळे यांची १९७४ ची 'एक अनेक और एकता', सात मिनिटांची. ती मेधाला गाण्यासकट पाठ निघाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचा दाणे टिपणाऱ्या पाखरांवरचा कॅमेरा; आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिथे सकाळ असते. यात काहीही घडत नाही, ओवी चार मिनिटांत उठून जाते, आणि मला ते फार आवडतं. आणि 'शॉन द शीप'. सात मिनिटांचा भाग, एकही शब्द नाही. मेधाचा यालाच सगळ्यात जास्त विरोध होता आणि हाच सगळ्यात जास्त टिकला, कारण शब्द नसल्यामुळे ते सगळं ओवी मराठीत सांगते. त्यातल्या कुत्र्याचं नाव तिने बंड्या ठेवलं आहे. बंड्या मेंढ्यांना काय ओरडला, हे ती मला मटार सोलताना सांगते, आणि त्यातला निम्मा मजकूर मेधा मला काय ओरडते तो असतो.

बघायचं ते हॉलमधल्या टीव्हीवर, फोनवर नाही. दिवसाला एक, कधी दोन, आणि कोणीतरी शेजारी. मला ताप आला त्या दिवशी लागोपाठ सहा भाग झाले आणि शेजारी मी झोपलेलो होतो. तो गुन्हा माफ झाला.

मामांचा कॉल रोज रात्री येतो. पिपाणी कशी आहे विचारतात. देठ दोन दिवसांत सुकतो, त्यामुळे दर दोन दिवसांनी नवा आणावा लागतो. पंपाच्या खोलीमागचं ते झाड नर आहे, फळ धरत नाही, म्हणून सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ते तोडायचा विषय आहे. मी विरोधात मत देणार आहे.